मुक्त आज्ञावलींचें दुकान

कांहीं दिवसांपूर्वीं एका जुन्या स्नेह्यांच्या घरीं सायंकाळीं जाण्याचा योग आला. त्यांच्या मातोश्रींना आम्ही सर्वजण माई म्हणतों. माईंनीं पंचाहत्तरी ओलांडली आहे; पण बुद्धिबळाचा त्यांचा नाद अजून सुटलेला नाहीं. पटावर समोर बसणारें कोणी उरलें नाहीं, म्हणून नातवानें अडगळींत पडलेला एक संगणक झाडूनपुसून, त्यावर लिनक्स नांवाची मुक्त कार्यप्रणाली चढवून तो त्यांच्या खोलींत ठेवला होता. माझ्यादेखत माईंनीं पडद्यावरील एका पिशवीच्या चित्रावर टिचकी दिली. तत्क्षणीं एक दुकान उघडलें. खेळ, शिक्षण, चित्रकला, हिशेब असे त्याचे कप्पे पाडलेले होते. माईंनीं बुद्धिबळाचा खेळ शोधला, एका बटणावर टिचकी दिली, आणि मिनिटभरांत पट मांडून सोंगट्या उभ्या राहिल्या.

"पैसे किती पडले?" मीं सहज विचारलें.

"एक पैसुद्धां नाहीं," माई म्हणाल्या. "आणि तेंच तर मला कळत नाहीं. माल मांडलेला आहे, शेजारीं गिऱ्हाइकांचे अभिप्राय आहेत. पण गल्ला कोठें दिसत नाहीं. हें दुकान आहे तरी कोणाचें रे?"

मीं थातुरमातुर उत्तर देऊन वेळ मारून नेली. परंतु घरीं परततांना तो प्रश्न मनांत घोळत राहिला. जो माल आपण विकत घेत नाहीं, त्याची हमी कोण देतो? जेथें दुकानदार दिसत नाहीं, तेथें विश्वास कोणावर ठेवायचा? श्रोतेहो, या प्रश्नाचें उत्तर एका वाक्यांत देण्यासारखें नाहीं. त्यासाठीं सुमारें चाळीस वर्षें मागें जावें लागतें.

१९८३ च्या सप्टेंबरांत अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन या संगणकतज्ज्ञानें ग्नू नांवाचा एक संकल्प जाहीर केला. आज्ञावली, म्हणजे संगणकाला काय करावें हें सांगणारी लिखित सूत्रें, ही कुलुपांत ठेवण्याची वस्तु नव्हे. ती वापरण्याचा, तपासण्याचा, सुधारण्याचा आणि दुसऱ्यास देण्याचा अधिकार प्रत्येकास असला पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. १९९१ सालीं फिनलंडमधील हेलसिंकी येथील लिनुस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्यानें लिनक्स नांवाचा गाभा लिहून लोकांपुढें ठेवला. गाभा एकाचा, अवजारें दुसऱ्यांचीं, खिडक्या आणि चित्रें तिसऱ्यांचीं, असा हा सार्वजनिक संसार उभा राहूं लागला.

पण संसार उभा राहणें आणि त्यांत सामान्य माणसाला राहतां येणें, या दोन गोष्टी भिन्न आहेत. आरंभीच्या त्या काळांत एखादी आज्ञावली हवी असेल, तर तिचें मूळ लेखन मिळवावें लागे, तें आपल्या यंत्राला समजेल अशा रूपांत स्वतः उतरवावें लागे, आणि त्यांत एखादा धागा तुटला तर तो शोधीत रात्र जागवावी लागे. ज्याला हें साधे, त्याला स्वातंत्र्य होतें. ज्याला साधत नसे, त्याचें स्वातंत्र्य कागदावरच राही. आपल्या देशांत ज्ञानाविषयीं हीच तक्रार सातशें वर्षांपूर्वीं उठली होती. ग्रंथ होते, पण त्यांची भाषा मूठभरांची होती. ज्ञानेश्वरांनीं तें ज्ञान मराठींत आणलें तेव्हां कोठें तें सर्वांच्या अंगणांत आलें. लिनक्सच्या जगांतही अर्थ मुक्त होता, पण वाट अरुंद होती. ती रुंद करण्याच्या प्रयत्नांची ही कथा आहे.

पहिला प्रयत्न वाटप-संचांचा होता. १९९३ च्या जुलैंत पॅट्रिक व्होल्करडिंग यानें स्लॅकवेअर नांवाचा संच प्रसिद्ध केला. त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत पर्ड्यू विद्यापीठांतील इयन मर्डॉक या विद्यार्थ्यानें डेबियन नांवाच्या संचाची घोषणा केली. तेव्हांची मैत्रीण आणि पुढें पत्नी झालेली डेब्रा आणि स्वतः इयन, या दोन नांवांच्या जोडांतून हा शब्द त्यानें घडविला. डेबियनमध्यें प्रत्येक आज्ञावली एका गांठोड्यांत बांधलेली असे. तिला ते लोक पॅकेज म्हणतात, आणि आपणही तोच शब्द वापरूं. या पॅकेजावर आंत काय आहे, कोणी बांधलें, आणि त्याला आणखी कशाची गरज आहे, ही सर्व माहिती लिहिलेली असे. १९९५ सालीं रेड हॅट या कंपनीनें आपली निराळी पॅकेज-पद्धति आणली.

शेवटची गोष्ट, म्हणजे आणखी कशाची गरज, हीच सर्व अडचणींचें मूळ ठरली. आपल्या घरांत पुरणपोळी करायची ठरली तर हरभऱ्याची डाळ लागते, गूळ लागतो, वेलदोडे लागतात. डाळ वाटायला पुरणयंत्र लागतें. संगणकावरही तसेंच असतें. बुद्धिबळाच्या पटाला खिडकी काढणारें सामान लागतें, खिडकीला अक्षरें काढणारें सामान लागतें, अक्षरांना आणखी कशाची गरज पडते. एक वस्तु आणावी तर ती तीन मागते, आणि त्या तिघी मिळून दहा मागतात. त्यांतच एखादीला जुना गूळ हवा आणि दुसरीला नवा, असा हट्ट पडला कीं सारा स्वयंपाक अडे. या गुंत्याला त्या मंडळींनीं परावलंबनाचा नरक असें नांव दिलें होतें, आणि ज्यांनीं तो भोगला आहे त्यांना त्या नांवांत अतिशयोक्ति वाटत नाहीं.

या नरकांतून सुटका करणारें साधन डेबियनच्या कार्यकर्त्यांनीं १९९८ मध्यें लोकांपुढें आणलें, आणि मार्च १९९९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या डेबियनच्या २.१ या आवृत्तींत तें समाविष्ट झालें. त्याचें नांव ॲप्ट. एका पॅकेजाचें नांव टंकलें कीं त्याला लागणारें सर्व सामान ॲप्ट स्वतः शोधून काढी, दूरच्या भांडारांतून आणी आणि योग्य क्रमानें बसवी. जी गोष्ट पूर्वीं रात्रभर जागून होत असे, ती आतां एका ओळींत होऊं लागली.

येथें इतिहासाची एक गंमत लक्षांत ठेवण्यासारखी आहे. या साधनाचा आरंभ झाला तो मुळीं चित्रमय दर्शनी भाग असलेली, सामान्यांना हाताळतां येईल अशी एक आज्ञावली करावी या हेतूनें. तिला प्रथम डीटी, म्हणजे देवता, असें नांवही ठेवलें होतें. परंतु देवालयाचा गाभारा आधीं बांधून झाला आणि सभामंडप मागें राहिला. गाभाऱ्यांत जाणाऱ्या पुजाऱ्यांना मंडपाची निकड भासत नव्हती. आणि ज्यांना ती भासत होती, ते बाहेर उभे होते.

तरीही ॲप्टनें जें दिलें तें थोडें नव्हतें. त्यानें भांडाराची कल्पना रूढ केली. प्रत्येक पॅकेजाला डेबियनमध्यें एक सांभाळकर्ता असतो. मूळ लेखकानें जें लिहिलें तें तो तपासतो, संचांतील इतर गोष्टींशीं जुळवून घेतो, दोष आढळला तर दुरुस्ती करतो आणि मगच तें भांडारांत ठेवतो. १९९७ सालीं या मंडळींनीं एक सामाजिक करार जाहीर केला आणि आपलें भांडार मुक्तच राहील, दोष लपविले जाणार नाहींत, असें वचन लोकांना दिलें. पुढें २००७ सालच्या आवृत्तीपासून भांडारांतून येणाऱ्या मालावरील अंकीय मुद्रा ॲप्ट आपण होऊन पडताळून पाहूं लागलें. त्यामुळें वाटेंत कोणी गांठोडें बदललें तर तें ओळखूं येऊं लागलें. या भांडाराची वाढ किती झाली पाहा: १९९६ च्या जून महिन्यांतील डेबियनमध्यें ४७४ पॅकेजें होतीं, १९९९ मध्यें तीं सुमारें २,२५० झालीं, २०२३ च्या आवृत्तींत त्यांची संख्या ६४,००० वर गेली. आणि हें बहुतेक सारें काम स्वयंसेवकांनीं केलेलें आहे.

आतां प्रश्न उरला तो मंडपाचा. २००१ च्या सुमारास ब्राझीलमधील कोनेक्टिव्हा या कंपनींत सिनॅप्टिक नांवाची आज्ञावली तयार झाली. तिच्यामुळें ॲप्टचा कारभार प्रथमच खिडकींत दिसूं लागला. टिचकी द्यावी, खूण करावी, 'लागू करा' म्हणावें, कीं काम झालें. सिनॅप्टिकचे उपकार मोठे आहेत आणि आजही जाणते लोक तें वापरतात. पण तें भांडाराच्या कोठीचें दार होतें; दुकानाचा दर्शनी भाग नव्हे. आंत गेलेल्या माणसासमोर हजारों पॅकेजांची यादी उभी राही. तींत बुद्धिबळाच्या पटाशेजारीं त्याच्या खिडकीचें सामान, अक्षरांचें सामान, आणि ज्यांचा उपयोग केवळ कारागिरांना आहे अशा शेंकडों वस्तु एकाच पंक्तींत बसलेल्या असत. गिऱ्हाइकाला लाडू हवा असतो. त्याला बेसन, साखर आणि तूप यांच्या पोत्यांमधून फिरवणें हा त्याचा सत्कार नव्हे.

खऱ्या अर्थानें दुकान मांडण्याचें धाडस २००२ सालीं अमेरिकेंतील लिंडोज या कंपनीनें केलें. तिच्या 'क्लिक अँड रन' या सोयीमध्यें आज्ञावलींचीं चित्रें होतीं, वर्णनें होतीं, आणि एका टिचकीनें ती यंत्रावर येत असे. मात्र या सोयीसाठीं वार्षिक वर्गणी द्यावी लागे. जी आज्ञावली डेबियनच्या भांडारांत फुकट होती, तिच्याकडे जाणाऱ्या सोप्या वाटेवर पथकर बसला, असें अनेकांस वाटलें. उलट, वाट बांधणाऱ्यानेंही जेवायचें कसें, असा प्रश्न दुसऱ्यांनीं विचारला. दोन्ही बाजूंत तथ्य होतें. मायक्रोसॉफ्टशीं नांवावरून चाललेला खटला २००४ मध्यें मिटला. त्यांत २ कोटी डॉलर घेऊन कंपनीनें तें नांव सोडलें आणि लिन्स्पायर हें नवें घेतलें. २००८ सालीं ती दुसऱ्या कंपनीनें विकत घेतली. दुकान टिकलें नाहीं, पण दुकानाची कल्पना टिकली.

२००४ च्या ऑक्टोबरांत दक्षिण आफ्रिकेंतील उद्योजक मार्क शटलवर्थ यांच्या पाठबळावर उबुंटू नांवाचा संच निघाला. त्याचा पाया डेबियनचाच होता. या संचाच्या तबकड्या जगांत कोठेंही, मागणाऱ्याच्या पत्त्यावर विनामूल्य टपालानें येत. २०११ पर्यंत ही प्रथा चालू होती. आपल्याकडील अनेक घरांत लिनक्सचा प्रवेश पोस्टमनच्या हातूनच झाला आहे. उबुंटूनें 'घाला किंवा काढा' अशा अर्थाच्या नांवाची एक साधी खिडकी आरंभींच्या आवृत्त्यांपासूनच दिली. तींत पॅकेजें दाखविण्याऐवजीं केवळ माणसांच्या उपयोगाच्या आज्ञावली दाखविल्या जात. हा फरक लहान दिसतो, पण सर्व पुढील इतिहास त्यांत बीजरूपानें होता.

मग २००८ चा जुलै आला. ॲपल कंपनीनें आपल्या आयफोनवर आज्ञावलींचें दुकान उघडलें. आरंभीं त्यांत सुमारें ५०० वस्तु होत्या. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत अँड्रॉइडच्या फोनवरही बाजार उघडला. लक्षावधि लोकांना एकदम कळलें कीं आज्ञावली मिळविण्यासाठीं तबकडी आणावी लागत नाहीं, कोठून तरी अनोळखी जागेवरून ती उतरवावी लागत नाहीं. एका विश्वासू जागीं जावें आणि टिचकी द्यावी. हें पाहून लिनक्सच्या जुन्या जाणत्यांना हंसूं आलें असेल आणि थोडा विषादही वाटला असेल. एकच विश्वासू भांडार, मुद्रांकित माल, एका आज्ञेनें सर्व यंत्राचें नूतनीकरण, या गोष्टी त्यांच्याकडे कित्येक वर्षें होत्या. फोनवाल्यांनीं त्यांत दोनच गोष्टी घातल्या: एक सुबक दर्शनी भाग, आणि एक गल्ला. जगानें मात्र कल्पना त्यांच्या नांवावर जमा केली.

२००९ च्या ऑक्टोबरांत उबुंटूच्या ९.१० या आवृत्तींत 'उबुंटू सॉफ्टवेअर सेंटर' अवतरलें. तयारी चालू असतांना त्याचें नांव 'स्टोअर' असें होतें. प्रसिद्धीपूर्वींच तें बदलून 'सेंटर' केलें गेलें. २०१० मध्यें त्यांत विकत घेण्याच्या आज्ञावलीही आल्या, आणि २०११ मध्यें गिऱ्हाइकांचे अभिप्राय व गुण आले. आतां गल्ला होता, मांडणी होती, गर्दीही होती. तरीही हें दुकान हळूहळू मागें पडलें, आणि २०१६ च्या एप्रिलांतील १६.०४ या आवृत्तींत त्याची जागा ग्नोम सॉफ्टवेअर या दुसऱ्या दुकानानें घेतली. कारणें अनेक सांगतां येतील, पण एक कारण उघड आहे: तें एका संचाचें दुकान होतें. शेजारच्या संचाला त्याचा उपयोग नव्हता, म्हणून तें सांभाळण्याचा भार एकट्याच्याच खांद्यावर राहिला.

याच्या उलट दिशेनें एक काम शांतपणें चाललें होतें. २००७ सालीं रिचर्ड ह्यूज यांनीं पॅकेजकिट नांवाची एक मध्यस्थ आज्ञावली सुरू केली. खालीं डेबियनची पद्धति असो वा रेड हॅटची, वरच्या खिडकीला दोघींशीं एकाच भाषेंत बोलतां यावें हा तिचा हेतु. २०११ च्या जानेवारींत जर्मनींतील न्यूरेंबर्ग येथें निरनिराळ्या संचांचे प्रतिनिधि एकत्र बसले. एरवीं आपापल्या पद्धतीचा अभिमान बाळगणाऱ्या या मंडळींनीं तेथें ठरविलें कीं प्रत्येक आज्ञावलीचें नांव, वर्णन, चित्र आणि वर्ग लिहून ठेवण्याची एकच सामाईक रीत असावी. तिला ॲपस्ट्रीम म्हणतात. त्या रीतीच्या आधारावर २०१३ मध्यें ग्नोम सॉफ्टवेअर आणि पुढें केडीईचें डिस्कव्हर हीं दुकानें उभीं राहिलीं. यामुळें एखाद्या आज्ञावलीच्या लेखकानें वर्णन एकदां लिहिलें कीं तें सर्व संचांच्या दुकानांत दिसतें. आणि कोणी त्याचें भाषांतर केलें तर तेंही सर्वत्र जातें. मराठी वाचकाला या दुकानांत कोठें कोठें मराठी वर्णन दिसतें तें याच मार्गानें. पुण्यांत रेड हॅटच्या कार्यालयांत भारतीय भाषांच्या टंकांचें आणि भाषांतराचें काम अनेक वर्षें झालें, आणि त्यास इतर स्वयंसेवकांची जोड मिळाली. हें काम अद्याप अपुरें आहे; परंतु येथें तें पुरें करण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं, ही गोष्ट लहान नव्हे.

येथपर्यंतची कथा सोयीची झाली. आतां धोक्याची ऐकावी लागेल, कारण माईंच्या प्रश्नाचें मर्म तेथें आहे.

दुकानाच्या मागें जो सांभाळकर्ता बसलेला असतो, तो मनुष्य आहे आणि मनुष्य चुकतो. २००६ मध्यें डेबियनमधील एका सांभाळकर्त्यानें गुप्त किल्ल्या तयार करणाऱ्या ओपनएसएसएल या संग्रहांतील दोन ओळी, त्या दोषास्पद वाटल्यामुळें, गाळल्या. हेतु शुद्ध होता. परिणाम असा झाला कीं त्यानंतर डेबियनवर व त्यापासून निघालेल्या संचांवर तयार झालेल्या किल्ल्या अंदाजानें हुडकून काढतां येण्याजोग्या झाल्या. ही गोष्ट उघडकीस आली ती २००८ च्या मे महिन्यांत. दुसरें उदाहरण ताजें आहे. एक्सझेड नांवाच्या एका साध्या उपयुक्त संग्रहाच्या थकलेल्या सांभाळकर्त्याला मदत करण्याच्या मिषानें एका टोपणनांवाच्या व्यक्तीनें दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास संपादन केला, आणि २०२४ च्या आरंभीं त्यांत एक चोरदार बसविलें. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रांत प्रवेश करतांना अर्धा सेकंद अधिक लागतो असें आढळलें. तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागें लागला, आणि २९ मार्च २०२४ रोजीं त्यानें ही चोरी जगापुढें मांडली. डेबियनच्या कच्च्या आवृत्तीपर्यंत तें चोरदार पोंचलें होतें. पक्क्या आवृत्तींत शिरण्यापूर्वीं तें अडविलें गेलें. लेखन उघडें होतें, म्हणूनच एका जिज्ञासू माणसाला शेवटपर्यंत माग काढतां आला. आणि दोष कळल्यावर दुरुस्ती घरोघर पोंचवितें कोण? नूतनीकरणाचें तेंच बटण, जें आपण 'नंतर पाहूं' म्हणून टाळतों.

या मध्यस्थावर आणखी एक आक्षेप होता. लेखकानें आज नवी आवृत्ति काढली, तर ती सांभाळकर्त्याच्या हातून तपासून, संचाच्या पुढील प्रकाशनांत शिरून गिऱ्हाइकाला मिळेपर्यंत कित्येक महिने जात. शिवाय प्रत्येक संचासाठीं निराळें गांठोडें बांधावें लागे. म्हणून नव्या पद्धति निघाल्या. त्यांत आज्ञावली आपलें बहुतेक सामान बरोबर घेऊन येते, आणि शेजाऱ्यांच्या वस्तूंना सहसा हात लावूं नये म्हणून तिला कुंपणांत ठेवतात. २०१६ मध्यें उबुंटूची स्नॅप ही पद्धति घरगुती संगणकांवर आली. त्याच वर्षीं अलेक्झांडर लार्सन यांच्या पद्धतीला फ्लॅटपॅक हें नांव मिळालें, आणि २०१८ च्या ऑगस्टमध्यें तिची पहिली पक्की आवृत्ति निघाली. तिच्यासाठीं फ्लॅटहब हें सामाईक दुकान आहे. आतां लेखक आणि गिऱ्हाईक यांच्यामधील अंतर फार कमी झालें.

अंतर कमी झालें, पण राखणदारही बाजूला झाला. २०१८ च्या मे महिन्यांत स्नॅपच्या दुकानांतील एका साध्या खेळाच्या पोटांत, गिऱ्हाइकाच्या यंत्राकडून गुपचूप आभासी नाणीं घडवून घेणारी आज्ञावली सांपडली. पुढें २०२३ आणि २०२४ मध्यें आभासी पैशांच्या पाकिटांच्या बनावट प्रतिकृति त्याच दुकानांत आढळल्या, आणि लोकांचे पैसे गेले. त्यानंतर नव्या नांवांची नोंद माणसांकडून तपासली जाऊं लागली. २०२३ पासून फ्लॅटहबवर, वस्तु तिच्या खऱ्या लेखकाकडूनच आली आहे हें दर्शविणारी खूणही दिसूं लागली. म्हणजे ज्या मध्यस्थाला संथ म्हणून दूर सारलें, त्यालाच निराळ्या वेषांत परत बोलवावें लागलें. वाण्याकडे धान्य महाग पडतें म्हणून थेट रस्त्यावरील गाडीवरून घेणाऱ्या गृहिणीला पहिल्या पायलीला फायदा होतो. खडे निघतात तेव्हां वाणी धान्य निवडून देत होता हें आठवतें.

याच वेळीं सत्तेचा प्रश्नही पुढें आला. फ्लॅटपॅकच्या पद्धतींत कोणीही आपलें दुकान उघडूं शकतो. स्नॅपचें दुकान मात्र एकाच कंपनीच्या हातीं आहे आणि त्याच्या पाठीमागील यंत्रणेचें लेखन खुलें नाहीं. या कारणास्तव लिनक्स मिंट या संचानें २०२० मध्यें, वापरणाऱ्यानें मुद्दाम मागितल्याशिवाय स्नॅप आपल्या यंत्रावर येणार नाहीं, असें ठरविलें. कंपनीच्या बाजूनेंही बोलण्यासारखें आहे: एकच दार असलें कीं पहारा सोपा होतो. पण दार एक असलें कीं किल्लीही एकाच्या हातीं राहते. ज्यानें आज सोय दिली त्यानें उद्यां अट घातली, तर जाणार कोठें? फोनच्या दुकानांत ही अडचण आपण नित्य पाहतों. मुक्त आज्ञावलींच्या जगांत ती शिरूं नये अशी ज्यांची इच्छा आहे, त्यांना केवळ हट्टी म्हणून बाजूला सारतां येणार नाहीं.

राहिला गल्ला. २०१७ मध्यें एलिमेंटरी नांवाच्या एका लहान संचानें आपल्या दुकानांत 'वाटेल तें द्या' अशी रीत आणली. किंमत सुचविलेली असते. गिऱ्हाइकानें ती द्यावी, कमी द्यावी किंवा शून्य लिहावें. कीर्तनांत आरतीचें तबक फिरतें, त्यासारखीच ही रीत. तबकांत कांहीं न टाकणाऱ्याला कोणी उठवीत नाहीं. पण कोणीच कांहीं टाकलें नाहीं तर पुढच्या वर्षीं कीर्तन होणार नाहीं, हें सर्वांनाच ठाऊक असतें. एक्सझेडचा सांभाळकर्ता थकलेला होता, हें मीं मघांशीं सांगितलें. त्याचें थकणें आणि आपल्या तबकाचें रिकामें राहणें, यांचा संबंध नाहीं असें छातीठोकपणें म्हणवत नाहीं.

आतां माईंच्या प्रश्नाकडे परत येतों. त्यांच्या पडद्यावर जो पट मांडला गेला, त्याच्या पाठीमागें खेळीचा विचार करण्यासाठीं ज्या आज्ञावली जोडतां येतात, त्यांत ग्नू चेस ही एक आहे, आणि तिचा आरंभ १९८४ सालचा आहे. तेव्हांपासून ती किती हातांतून गेली, कोणी सुधारली, कोणी गांठोड्यांत बांधली, कोणी तिच्यावर मुद्रा उठविली, कोणी तिचें वर्णन लिहिलें, याची मोजदाद करणें कठीण आहे. त्या दुकानाला मालक नाहीं असें नाहीं. त्याचा गाभा कोणा एकाच्या मालकीचा नाहीं, मांडणी दुसऱ्यांनीं केली, पहारा तिसरे करतात, आणि अडचण आली तर चौथा कोणी रात्रीं उठून बसतो. आपण ज्याला दुकान म्हणतों, तें वस्तुतः गांवकीचें कोठार आहे. गिऱ्हाइकाला तें परकें वाटूं नये म्हणून त्यास दुकानाचा दर्शनी भाग लावला आहे.

हा दर्शनी भाग नसता तर माईंसारख्यांना कोठाराचा उपयोग झाला नसता. म्हणून तो लावणाऱ्यांचे उपकार मानलेच पाहिजेत. परंतु दर्शनी भाग इतका सुबक होऊं नये कीं आंतलें कोठार आणि तें भरणारे हात दिसेनासे व्हावेत. कारण कोठार ज्यांचें असतें त्यांना त्यांत कांहीं टाकावेंही लागतें. कोणी पैसा टाकील, कोणी एखादा दोष कळवील, कोणी एखाद्या वर्णनाचें मराठी भाषांतर करील.

पुढच्या भेटींत मीं हें सर्व माईंना सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें, आणि नातवाला हांक मारून म्हणाल्या, "अरे, या पटावरच्या घोड्याला आणि उंटाला इंग्रजी नांवें दिसताहेत. आपलीं नांवें तेथें कशीं घालायचीं, तेवढें मला शिकवून ठेव."